लावदोशचा अडकलेला अँटेना

१९८३ साली आमच्या गल्लीत भिण्याच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. तेव्हाच्या आमच्या अल्बानियात भीती हा घरकामाचाच भाग होता आणि घरकामात मी पक्की. काही नाजूक बोलायचं असलं की मी आधी स्वयंपाकघरातला नळ सोडत असे, म्हणजे भिंतीपलीकडच्या कानांना नुसती धार ऐकू जावी. पण पाणी यायचं सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ. त्यामुळे आम्हा नवरा-बायकोला दुपारी भांडताच यायचं नाही! भांडण तुंबवून ठेवायचं आणि पाणी आलं की भांड्यांबरोबर उरकून घ्यायचं.

माझा नवरा लावदोश कवी होता. देश एवढासा, त्यामुळे कवी म्हटला की त्याची टोपीसुद्धा लोकांना पाठ. धरणावर, क्रोमच्या खाणीवर, नव्या ट्रॅक्टरवर त्याच्या कविता होत्या. प्रत्येक कविता आधी समितीकडे जायची. एकदा समितीने त्याची ‘सायंकाळ’ काढायला लावली. आपल्या देशात अंधार पडतो, हे मुद्दाम सांगायची काय गरज, असं त्यांचं म्हणणं. लावदोशने मुकाट्याने तिथे सकाळ घातली. वरच्या मजल्यावरचा चित्रकार असा शहाणा नव्हता. त्याने समुद्र जरा काळसर रंगवला आणि तो बायकोसकट सरकारी हुकमाने दलदलीकडच्या गावी मका खुरपायला गेला. त्याच्या खिडकीचे पडदे अजून तसेच होते. जिना चढताना मी त्या दाराकडे बघत नसे.

त्या शरद ऋतूत लावदोशला सत्तरावं लागलं आणि राजधानीहून पदक जाहीर झालं. चौकात, उघड्यावर, सगळ्या गावासमोर ते त्याच्या कोटावर लागणार होतं. लावदोशला चिंता एकच, पाऊस आला तर? ओलीत उभं राहिलं की त्याचे गुडघे संपावर जायचे. आमच्या रेडिओवर विचारण्यात अर्थ नव्हता. आमचं हवामान खातं फार आशावादी होतं, गारा पडत असल्या तरी ते पिकासाठी उत्तम दिवस असल्याचं सांगायचं. खरं हवामान पाहायचं तर समुद्रापलीकडच्या इटलीचा टीव्ही.

आता अँटेना असायचा डोंगराकडे, आपल्या राजधानीच्या केंद्राकडे तोंड करून. तो समुद्राकडे फिरवला की इटली दिसायची आणि इटली दिसली की पुढे दलदल दिसायची. मी म्हटलं, गुडघ्यांना लोकर गुंडाळ आणि गप्प बस. पण म्हातारा ऐकेना. दिवेलागणीला कोण वर बघतंय, पटकन फिरवतो, ढग बघतो आणि पटकन परत फिरवतो, म्हणाला. पाना घेऊन गच्चीवर गेला, खांबाचा नट सैल केला, अँटेना फिरवला आणि खाली आला. इटलीच्या नकाशावर आमच्या किनाऱ्यासमोर चांगला टपोरा सूर्य होता. लावदोश खूश झाला, वर गेला, आणि बराच वेळ आलाच नाही.

मी गेले तर तो खांबाला मिठी मारून उभा. मघाशी हलू नये म्हणून त्याने नट असा आवळला होता की आता तो सुटेना. गंजलेलेच आटे, तेही गेले. आम्ही दोघांनी ओढलं, ढकललं, मी तर खांबाला लाथही घातली. अँटेना काही हलला नाही. शिकारी कुत्र्यासारखा समुद्राकडे नाक करून तसाच.

मी म्हटलं, कापून टाकू खांब. लावदोश म्हणाला, अँटेनाच नसला तर कवीच्या घरात भाषणं बघत नाहीत असं होईल, ते याहून वाईट. चादर टाकू म्हटलं, तर लोक विचारतील चादरीखाली काय आहे. शेवटी सकाळ झाली आणि आमचा गुन्हा लख्ख उन्हात सगळ्या गावाला दिसू लागला.

मोठा पाना मागायला मी समोरच्या रेस्मियेकडे गेले. रेस्मिये म्हणजे गल्लीची खिडकी. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. तिने पाना दिला, वर अंजिराच्या मुरंब्याची वाटी दिली. रेस्मिये फुकट मुरंबा देणारी बाई नव्हे.

मोठ्या पान्याने नट आणखी गोल झाला, एवढंच. दुपारी मी खिडकीतून पाहिलं आणि हातातली बशी सोडली. रेस्मियेचा अँटेना समुद्राकडे वळला होता. थोड्या वेळाने तिच्या दिराचा. मग बेकरीवाल्याचा. मग शाळेमागची सगळी ओळ. जणू गावातल्या छपरांनी एका हुकमावर मान वळवली.

त्याचं असं होतं. आमच्याकडे वरचं धोरण बदललं तर कोणी जाहीर करत नसे. शाळेच्या भिंतीवरचा एखाद्या पुढाऱ्याचा फोटो नाहीसा झाला की आपण समजून घ्यायचं. लोकांनी हिशेब केला, की ज्याला राजधानीहून पदक मिळतंय, तो म्हातारा भर दिवसा समुद्राकडे अँटेना लावून बसलाय, अर्थात आता परवानगी आहे. आपण मागे राहिलो तर उद्या विचारतील, तुमचा अजून डोंगराकडेच कसा?

लावदोश खिडकीशी पांढराफटक उभा होता.

“फेरिझे,” तो म्हणाला, “काल एक अँटेना होता, आज बंड आहे. आणि बंडाचा पुढारी मी आहे.”

मी ट्रंक काढली. आधी लोकरीचे मोजे भरले, मग घोंगड्या, मग कढई. दलदलीकडे कढई मिळत नाही, असं ऐकलं होतं.

संध्याकाळी दारावर थाप पडली. मोहल्ल्याचा चिटणीस रुशित. हा माणूस टोपी काढायचा तेव्हासुद्धा जप्ती करतोय असं वाटायचं. मी ट्रंकेवर बसले आणि वर स्कर्ट पसरला. रुशितने कॉफी नको म्हटलं, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला,

“काकी, जरा नळ सोडा.”

मी तशीच बसून राहिले. मग तोच उठला आणि त्याने नळ सोडला.

“लावदोशकाका, परिपत्रक कधी आलं?” त्याने विचारलं. “सगळ्या मोहल्ल्याला कळलं आणि मलाच नाही. वर माझ्याबद्दल कोणी काही बोललंय का? मला दोन मुली आहेत, काका.”

नाही म्हणावं तर सगळं गाव गुन्हेगार, हो म्हणावं तर परिपत्रक दाखवा. भीतीने लावदोशची जीभ टाळ्याला चिकटली होती. ती सुटावी म्हणून त्याने बोट ओठांशी नेलं.

“समजलो,” रुशित म्हणाला. “गुप्त आहे.” त्याने लावदोशचा हात दोन्ही हातांत घेतला, माझ्यापुढे मान लववली आणि गेला. दुसऱ्या दिवशी मोहल्ला समितीच्या कचेरीचा अँटेनाही समुद्राकडे!

समारंभाच्या दिवशी मी काळा पोशाख केला. राजधानीहून कॉम्रेड पांदेली आले, पदकाची डबी घेऊन. चौकात सगळं गाव. कॉम्रेडनी भाषण केलं, डबी उघडली आणि लावदोश उंच असल्यामुळे त्याच्या कोटाकडे बघताना त्यांची नजर वर गेली. तिथून छपरांवर. एका छपरावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. डबी तशीच हातात राहिली.

“हे सगळे अँटेना समुद्राकडे का?”

कॉम्रेडनी रुशितकडे पाहिलं. रुशितने लावदोशकडे पाहिलं. मग सगळ्या गावाने लावदोशकडे पाहिलं. मला दलदलीचे डास चावायला लागले.

“वारा, कॉम्रेड,” लावदोश म्हणाला. “परवा डोंगरावरून वारा सुटला होता.”

“वाऱ्याने सगळे एकाच दिशेला फिरले?”

“आमच्या गावात वारासुद्धा एकमताने वाहतो, कॉम्रेड.”

कॉम्रेड पांदेलींनी हातातल्या डबीकडे पाहिलं. पदकाची शिफारस त्यांच्याच सहीने गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. पुढारी पकडला असता तर त्याच दोरीला ते स्वतःही बांधले गेले असते. त्यांनी पदक लावलं आणि टाळी वाजवली. मग गावाने वाजवली. पहिल्यांदा कोण थांबतो हे दिसू नये म्हणून कोणीच थांबेना! तेवढ्यात आभाळ फुटलं आणि आम्ही सगळे धो धो पावसात टाळ्या वाजवत राहिलो. इटलीवाल्यांच्या त्या टपोऱ्या सूर्याला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

रुशितने लगेच फर्मान काढलं, वाऱ्याने झालेलं नुकसान आजच्या आज दुरुस्त करा. संध्याकाळी प्रत्येक गच्चीवर माणूस होता. आमचा खांब सरकारी फिटरने येऊन कापला आणि नवा बसवला, डोंगराकडे तोंड करून.

कॉम्रेड पांदेली पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाने दलदलीकडे गेले. तिथे वरच्या मजल्यावरच्या चित्रकाराने त्यांना मका खुरपायला शिकवलं म्हणतात. चित्रकार परत आला, आता फक्त फुलदाण्या रंगवतो. सरकार पडल्यावर रेस्मिये बोटीत बसून इटलीला गेली आणि तिथूनही आमच्या गल्लीच्या बातम्या मला फोनवर सांगते. रुशितने बाजारात डिश अँटेनाचं दुकान काढलं, चांगलं चालतं. माझ्या गच्चीवरची डिशची छत्री त्यानेच बसवली.

लावदोश गेला त्याला बरीच वर्षं झाली. धरण, खाण, ट्रॅक्टर, चाळीस वर्षांच्या त्याच्या कवितांतलं आज कुणाला काही आठवत नाही. गावाला त्याची एकच ओळ पाठ आहे, वाऱ्याची. लग्नात म्हणतात, निवडणुकीत म्हणतात, पोरं भिंतीवर लिहितात. जन्मभरात कुठल्याही समितीला न दाखवता त्याच्या तोंडून निघालेली तेवढीच. मी त्याला हे सांगायची तेव्हा तो शेवटपर्यंत चिडायचा.

“अगं, पण त्यात यमक कुठे आहे?” म्हणायचा.