अर्धी पोळी आणि शिवल्याचं मोठं आतडं

मोठं आतडं हे प्राण्याच्या शरीरातलं सर्वांत सोशिक खातं आहे. वरून काय घ्यायचं हे त्याला कोणी विचारत नाही. आलेल्यातलं पाणी शोषायचं, उरलेलं घट्ट करायचं आणि वेळेवर बाहेर काढायचं, एवढंच त्याच्याकडे सोपवलेलं. बैलात ते चकलीसारखं वेटोळं घालून बसतं. (चकली कोणत्या बाजूनं वळते, यावर आमच्या अल्लीपुरात दोन मतं आहेत.) काम सुरळीत असेपर्यंत त्याची दखल कोणी घेत नाही.

१९७८च्या पोळ्यानंतर मात्र दोन दिवस अख्खं गाव एका बैलाच्या मागं उभं होतं. बैल नत्थूजींचा, नाव शिवल्या. गावात देखणा तोच, म्हणून पोळ्याला तो बत्तीस घरी पूजेला गेला आणि परतल्यापासून त्यानं शेणच टाकलं नाही. कपाशीत शेवटची डवरणी, म्हणजे बैलाची कोळपणी, बाकी होती. नत्थूजी गोठ्यात बसून होते, आणि आलेलं ताट तसंच परत पाठवत होते.

ढोरांचे डॉक्टर सदाशिवराव यष्टीनं आले. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून तपासलं, हात धुतला आणि घरागणिक चौकशी मांडली: पुरणपोळ्या किती चारल्या?

"अर्धीच, डाक्टरसाहेब. नैवेद्यापुरती."

बत्तीस घरांचं उत्तर एकच आलं. (गावात एवढं एकमत निवडणुकीतही झालेलं नाही.) एकूण पोळ्या सोळा.

"सोळा पोळ्यांनी एवढा बैल अडत नाही," डॉक्टर म्हणाले. "आत तार नाहीतर चिंधी अडकली असणार. पोट फाडावं लागेल. वाचेलच असं नाही."

"माह्या शिवल्याले फाडता?" नत्थूजी हळूच म्हणाले आणि सर्वांदेखत रडले.

मग त्यांची बायको मनकर्णाबाई पदर सावरत पुढं आली. "आमच्याच घरी अकरा चारल्या. शेजारच्या कोकिळेनं सात चारल्या म्हणून आयकलं. मंग मी काऊन मागं राहू?"

"सात नाई," कोकिळा दुखावून म्हणाली. "चौदा."

यानंतर नोंदणीला वेग आला. समोरच्या घरच्या वासुदेवरावांनी आठ सांगितल्या, शेजाऱ्याच्या दहा ऐकून बारा केल्या. ज्यांच्या दारी बैल गेलाच नव्हता अशा तिघांनीही नावं दिली. दुपारपर्यंत आकडा दोनशे त्रेचाळीसवर गेला. डॉक्टरांनी त्यातल्या निम्म्या अब्रूखाती टाकल्या, उरलेल्या बैलाच्या नावावर ठेवल्या, आणि पोट फाडण्याचा बेत खोडून जवसाचं तेल पाजलं.

संध्याकाळी पाच चाळीसला, मारुतीच्या पारासमोर फिरवताना, शिवल्यानं शेण टाकलं. दोघा-तिघांनी टोप्या काढल्या. नत्थूजी बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभे राहिले. मनकर्णाबाईला इतका आनंद झाला, की तिनं डॉक्टरांसाठी लगेच पुरण घातलं.

डॉक्टरांनी नऊ खाल्ल्या. प्रत्येक पोळी वाढताना ती म्हणत होती, "अर्धीच घ्या जी." दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद होता.

तुम्ही हसताय. हसा. पण मागच्या सणाला "अर्धीच" म्हणत पाहुण्याच्या ताटात तुम्ही किती सरकवल्या, तो खरा आकडा लिहून ठेवा. बैलाला निदान नको म्हणता येत नव्हतं. तुमचा पाहुणा तर हात आडवा धरून बसला होता.