मागावरचे मामा

मी पदार्थविज्ञान शिकवते. टीव्हीवरचा कोणताही तमाशा माझं डोकं फिरवू शकत नाही, हे मी घरात इतक्यांदा सांगितलं होतं की सासूबाई ते वाक्य माझ्याआधीच म्हणून दाखवत.

तरी 'नजरेआड' आमच्याकडे दर बुधवारी लागायचंच. वीस तरुणांना हेरगिरी शिकवायची आणि चुकेल त्याला घरी पाठवायचं. भिंतीला पेला लावला की पलीकडची कुजबूज शब्दन् शब्द ऐकू येते म्हणे! माझा संताप व्हायचा. चुका दाखवायला म्हणून मी दारात उभी राहायचे. मग पाय दुखतात म्हणून बसायचे.

"चुका पायाले एवढी पुढं काहून सरकून राहिली वं?" सासूबाई विचारायच्या. मी तेवढ्यापुरती मागे सरकायचे.

आमच्या दिघोरीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती. गावभर पाहुणे, पाळणे, जिलेबीची दुकानं. त्याच दिवशी माझ्या नणंदेला, डिंपलला, बघायला मुलाचे मामा येणार होते. तिचं आणि त्या मुलाचं, अमरचं, आपसात जमलेलं होतं. पण अमरला वडील नाहीत. टेकचंदमामांच्या होकाराशिवाय लग्न होणार नव्हतं.

कॉलेज आटोपून मी लाखांदूरहून एसटीत बसले. मागच्या बाकावर निळ्या मफलरवाला म्हातारा होता. मी उतरले, तोही उतरला. मी जिलेबीपाशी थांबले, तो फुग्यांपाशी. मी पाहिलं की तो मान खाली घाली. 'कसलेला माणूस अंतर राखतो आणि नजर देत नाही,' कार्यक्रमातला मिशाळ प्रशिक्षक माझ्या डोक्यात बोलला. म्हाताऱ्याचा राग आलाच, पण हे वाक्य मला पाठ आहे याचा जास्त आला.

मागावरच्याला घर दाखवायचं नाही, हा पुढचा धडा. मी देवळाला वळसा घातला आणि शाळेमागून धानाच्या धुऱ्यावर, शेतातल्या अरुंद बांधावर, उतरले. तो येतच होता. मी एकदम उलटी फिरले आणि सरळ त्याच्या अंगावर चालून गेले. मला वाट द्यायला तो बाजूला सरला, तो थेट खालच्या बांधीत, धानाच्या वाफ्यातल्या चिखलात. मी विजयी मुद्रेनं घर गाठलं.

दारात माझा नवरा, कुंदन. "एकटीच? मामा कुठी हायेत?"

"कोण मामा?"

"टेकचंदमामा. तुह्याच एसटीत होते ना. म्या त्याइले फोनवर सांगतलं, का भुऱ्या साडीवाली आमची बायको, तिच्या मागं मागं या."

"आणि मला कोण सांगणार होतं?"

"तू शिकवताना फोन उचलते का?"

"मग त्यांनी हाक का नाही मारली?"

"दुसऱ्याच्या सुनेले रस्त्यानं हाक मारते का कोनी?" सासूबाई कडाडल्या. "जुना माणूस हाय तो. दुरूनच येईन."

"वैनी, काय केलं तू?" डिंपल रडायलाच लागली.

मामा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल हातात. मी मुकाट्याने पाय धुवायला पाणी ठेवलं. सासूबाई माफी मागू लागल्या, तर त्यांनी हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, देवळाले वळसा घातला तवाच मी समजलो. तुमी 'नजरेआड' पायता."

"मी असले कार्यक्रम पाहत नाही."

मामांचा चेहरा पडला. "अस्सं. मले वाटलं, सोयरीक झाली का सोबतीनं पाहू. आमच्या घरी मले कोनी लावूच देत नाई." ते उठले आणि निघायला म्हणून चप्पल शोधू लागले.

डिंपलने माझ्याकडे पाहिलं.

"कधीकधी पाहते," मी दातओठ खात म्हटलं. "चुका काढायला."

मामा परत बसले. "मंग सांगा, या बुधवारी कोन जाईन घरी?"

मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मी जे सुरू झाले, ते चहा गार होईपर्यंत थांबले नाही.

लग्न माघात आहे. तोवर मामा दर बुधवारी येतात, माझ्याच एसटीने, तसंच अंतर राखून. मी स्टँडवरून भराभर चालते. ते रागामुळे. सुरुवात चुकू नये म्हणून नव्हे.