बक्षिसांची अकरा खोकी

मेंदूला कामाला लावणं मला काही अवघड नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होतो मी. बकरीच्या मेंदूची बरणी दर शनिवारी पुसणारा माणूस!

प्रश्न एकच होता, हिचं कपाट. ही जाऊन दोन वर्षं झाली, कपाट तसंच होतं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, एक कप्पा आवरला की स्वतःला एक बक्षीस द्या. बक्षिसाच्या आशेनं मेंदू कामाला लागतो."

मी बक्षीस आगाऊच दिलं. ऑनलाइन लिंबू पिळायचं यंत्र मागवलं. दोन दिवस काय उत्साह! पार्सल निघालं, पार्सल जवळ आलं, मोबाइल सारखा सांगत होता. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. महिनोन् महिने तिला कुणी हात लावला नव्हता. पार्सलवाला म्हणाला, "काका, सही करा." खोकं हातात आलं आणि सगळा उत्साह फुग्यासारखा फुस्स झाला. मी ते उघडलंही नाही. दुसरं मागवलं.

पंधरा दिवसांत अकरा खोकी झाली. जागा होती फक्त कपाटासमोर. आता कपाट उघडेचना.

शेजारच्या वहिनींनी दारातून ढीग पाहिला. "सामान बांधलंत वाटतं?"

मला दार लावायची घाई. "हो, हो," म्हणालो. संध्याकाळी त्यांनी लेकीला कळवलं, बाबा घर सोडून निघालेत.

सकाळी ती धापा टाकत हजर. एकेक खोकं फोडत सुटली. "बाबा, तान्ह्या बाळाचं नेलकटर कशाला?"

"वस्तू कुठलीही असो, बेल तेवढीच वाजते."

ती नेलकटर ठेवून उठली. मग तिनं खोकी बाजूला सारली आणि आम्ही कपाट उघडलं. एका कप्प्याला अख्खी दुपार लागली. प्रत्येक स्वेटरची एक आठवण तिच्याकडे होती, एक माझ्याकडे.

रविवारी ती परत गेली. घर इतकं शांत झालं की फ्रिजच्या घरघरीचीही सोबत वाटू लागली.

सोमवारी वहिनी आल्या. "घर विकणार असाल तर माझ्या भाच्याला हवंय. बायकोला घेऊन बघायला येतो म्हणतोय."

घर विकायचं नव्हतं. नाही म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"उद्या चारला या म्हणावं," मी म्हणालो. "चहा माझ्याकडेच."

विकायचं नाही, हे त्यांना सांगणार आहे मी. तिसऱ्या भेटीत.