मोघ्यांचा गाल आणि जलपिंपळी

मोघे रोपं गालानं निवडतात. थट्टा नाही, खरंच. नर्सरीत गेले की चष्मा काढून खिशात ठेवतात, गुडघे टेकतात आणि जमिनीवर पसरलेल्या रोपावर गाल ठेवून डोळे मिटतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला चक्कर आली. मी धावले. नर्सरीवाल्याला मात्र त्याचं काही नव्हतं. "बाबूजी, सो मत जाना," एवढं म्हणून तो पाणी मारत पुढे गेला.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर आणि मोघे आमच्या खाली. सेक्शन ऑफिसर, पंचावन्नच्या पुढचे, लग्न राहून गेलेलं. तळमजल्याला टीचभर अंगण मिळतं. आमच्याकडे लोक त्यात एक तर गुलाब लावतात, नाहीतर गाडी. मोघ्यांना बोटभरापेक्षा उंच काहीही नको होतं. शिवाय ते वर्षानुवर्षं टिकायला हवं, दर मोसमाला उपटून नवं लावायची भानगड नको.

मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय आहे. आमचे हे त्याला रोग म्हणतात. म्हणोत. मी सरळ विचारलं, "मोघे, गाल कशाला?"

"वहिनी, माझे तळपाय निबर झालेत. त्यांना सगळंच चालतं. गाल कसा, खरं सांगतो."

मग हळूहळू उलगडा झाला. त्यांची आई कऱ्हाडहून कायमची राहायला येणार होती. ती ज्याच्याकडे राहायची तो धाकटा भाऊ परदेशी निघाला होता. या आजी ऐंशीच्या पुढच्या, आणि रोज सकाळी तुळशीला प्रदक्षिणा, त्याही अनवाणी.

"चप्पल घालायला सांगा की," मी म्हटलं.

"तुम्ही सांगा. मी लांब उभा राहून बघतो."

अंगणात आधीच्या लोकांनी फरशी घातली होती. मे महिन्यात तिच्यावर पापड भाजून निघाला असता. मोघ्यांनी ती स्वतः उखडली. आई यायच्या आत तिथं तिच्या पायांना सोसेल असं काहीतरी पसरलेलं हवं, हा एकच ध्यास. ऑफिसात फाइल अडली तरी चालेल, अंगण अडता कामा नये.

पण गालाची पसंती मिळणं म्हणजे मुलगी बघण्यापेक्षा कठीण. चिनी गुलाब लावला. काय सुंदर दिसत होता! मोघ्यांनी त्यावर पाय दाबून पाहिला, पानं चिरडून बुळबुळीत झाली. "आई घसरेल. बिल्कुल नाही!" वेडेलियाची पसरती वेल घोट्यापर्यंत चढली. "अंगठा अडकेल. बिल्कुल नाही!" हरळी मला वाटलं पास होणार, कारण गणपतीलासुद्धा चालते. तर म्हणे, "हिच्यात सराट्याचा काटा लपतो, वहिनी. दिसत नाही." माझी लेक गॅलरीतून ओरडायची, "मम्मी, अंकल फिर से लेट गए!" कॉलनीत सगळ्यांची करमणूक चालली होती.

शेवटी जलपिंपळी जिंकली. जमिनीला चिकटून पसरते, ऊन खाते, तुडवली तरी कुरकुर करत नाही. फेब्रुवारीत लावलेल्या काड्यांनी एप्रिलअखेर सगळं अंगण झाकून टाकलं. मोघ्यांचा गाल तृप्त झाला. पण तिला इवलीइवली पांढरी-जांभळी फुलं आली आणि फुलांवर मधमाश्या. झालं! तेव्हापासून मोघे पाटावर बसून फुलं खुडतात. अहो, लोक फुलांसाठी बाग करतात! हा बाबा बाग करून फुलं खुडून फेकतो. मला त्याचं नवल वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

आजी आल्या. ठेंगण्या, तुरतुरीत, आवाज खणखणीत. पहिल्याच सकाळी तुळशीभोवती फिरू लागल्या. मोघे मागोमाग, नजर त्यांच्या टाचांवर.

"आई, टोचत नाही ना?"

"छे रे! लोण्यावर चालल्यासारखं वाटतंय. आणि गार किती!"

मोघ्यांचा चेहरा असा फुलला की मीच वरून टाळी वाजवणार होते. रोज तेच व्हायचं. विचारायचं, ऐकायचं आणि खुशीत ऑफिसची बस पकडायची.

एके दिवशी ते गेल्यावर मी चहा घेऊन खाली गेले. आजी पायरीवर बसल्या होत्या. पावलाला मोठा काळा मुंगळा चावत होता आणि त्यांना पत्ता नाही. मी झटकला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

"अगं, मला पायाला काही कळतच नाही. साखरेनं घात केला," त्या हळूच म्हणाल्या. "खाली गवत आहे की दगड, मला सारखंच. त्याला सांगू नकोस हं. एवढं मन लावून केलंय पोरानं."

मी शपथ घेतली. पण माझ्या पोटात काही राहत नाही. मुंगळा आज आहे, उद्या काच असेल. संध्याकाळी मोघे फुलं खुडत होते, तिथं जाऊन उभी राहिले.

"मोघे, आजींच्या पायांचं जरा…"

"माहितीय," ते मान वर न करता म्हणाले. "दिवाळीत गावी गेलो होतो. तिच्या टाचेत बांगडीची काच रुतलेली, आणि ही घरभर लाडू वाटत फिरतेय. दुपारी डोळा लागला तेव्हा मी काढली. तिला जागसुद्धा आली नाही." आणखी एक फूल खुडून म्हणाले, "आता रोज पाय चेपायच्या निमित्तानं तळवे बघून घेतो. तिला वाटतं, पोरगा लाडात आलाय."

मला विचारल्याशिवाय राहवेना. "मग रोज सकाळी टोचतं का म्हणून विचारता कशाला? तिला कळत नाही, हे ठाऊक असून?"

मोघ्यांनी हातातली फुलं बाजूला ठेवली.

"मला बरं वाटावं म्हणून ती रोज किती छान खोटं बोलते, वहिनी! मी विचारलंच नाही, तर ती बिचारी माझ्यासाठी काय करणार?"

आतून आजींनी हाक मारली, चहा निवतोय म्हणून. "आलो गं!" म्हणाले, पण उठले नाहीत. बरीच फुलं राहिली होती. मी ओढणी खोचली आणि त्यांच्या शेजारी खाली बसून खुडायला लागले.