पदर, शेगडी आणि चौधरी काका

बोईसरच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच संध्याकाळी शेजारच्या भिंतीतून एका पुरुषाची आरोळी ऐकू आली. "अगं पदर! पदर आवर! मागे शेगडी पेटलीय!"

मी हातातला कुकर तसाच खाली ठेवला, बाथरूममधली भरलेली बादली उचलली आणि शेजारची बेल दाबली. दार उघडलं एका उंच, वाळक्या गृहस्थांनी. हातात रिमोट. त्यांनी आधी बादलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "वा! रिस्पॉन्स टाइम चांगला आहे तुमचा. फक्त तेलाची आग असेल तर पाणी नाही आणायचं हां, बेटा."

आत टीव्हीवर एक नटलेली सून पेटत्या शेगडीकडे पाठ करून रडत होती. पदर शाबूत होता.

हे चौधरी काका. मूळचे जळगावकडचे. तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं होतं, त्यांनी स्वतःला नाही. बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांनी जुन्या छत्रीच्या कापडाची एक पिशवी काठीला बांधून लावली होती. वाऱ्याची दिशा कळायला. एमआयडीसीकडून कसला वास आला की काका आधी गच्चीवर जाऊन ती पिशवी बघायचे आणि मग खाली येऊन कोणाच्या खिडक्या लावायच्या, कोणाच्या उघड्या राहू द्यायच्या ते जाहीर करायचे. लग्नाला गेले तर हॉलमध्ये शिरल्या शिरल्या दुसरा दरवाजा शोधायचे. "नवरी काय, पळून जाते का? बघू नंतर. आधी आपल्याला पळायची वाट कुठे आहे ते बघा."

"परमिट कोणी दिलं?" हा त्यांचा कारखान्यातून आणलेला लाडका प्रश्न. कोणी खिळा ठोकायला स्टुलावर चढलं की, "परमिट कोणी दिलं?" माझ्या नवऱ्यानं, विकासनं, दाढी ठेवायला घेतली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

काकू गेल्या त्याला आम्ही येण्याआधीच काही वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला. त्यामुळे घरात काका आणि टीव्ही. खालच्या मजल्यावरच्या सावे वहिनी सांगायच्या की मालिकांचं वेड काकूंना होतं. काका शेजारी बसून चुका काढायचे आणि काकू म्हणायच्या, "तुम्ही गप बसा हो." आता गप बसा म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून काकांचा आवाज चढला होता.

आणि चुकांना काय तोटा! मालिकेतल्या बायका हातात निरांजन घेऊन पडद्यांमधून पळतात. जिन्याला कठडा नसतो आणि दर महिन्याला त्यावरून कोणीतरी पडतं. "अरे, मागच्याच महिन्यात त्याच जिन्यावरून सासरा पडला ना? मग रेलिंग का नाही लावलं?" सासूनं सुनेच्या थोबाडीत मारली की ते तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. काका भडकायचे. "आमच्याकडे एक अपघात तीनदा झाला असता तर प्लांटला टाळं लागलं असतं!" बातम्या लावल्या तर तिथे आठ माणसं एकाच वेळी ओरडत असायची. "कंट्रोल रूममध्ये असे आठ जण एकदम बोलले ना, तर अर्धं बोईसर उडेल."

या सगळ्याची तक्रार ते करायचे जयेशकडे. जयेश म्हणजे आमचा केबलवाला, जवळच्या मुरबे गावचा. अतिशय सोशीक माणूस. तो खाली गाडी लावताना दिसला की काका गॅलरीतून सुरू व्हायचे. जयेश वर बघून हात जोडायचा. "काका, आमी फक्त वायर टाकतो. सीरियल आमी नाय बनवत!"

"पण दाखवतोस ना तू?"

"मंग काय करू? समद्या गावाला तेच पायजे हाय."

शेवटी ठिणगी पडली ती साडेसातच्या मालिकेमुळे. कोणा दुष्ट नणंदेनं रात्री गॅसचा नळ उघडा ठेवला होता. नायिका अंधारात स्वयंपाकघरात आली. तिला वास आला. तिनं नाकाला पदर लावला आणि दिवा लावला.

भिंतीपलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. पुढच्या क्षणी काका आमच्या दारात. "लाईट लावली! वास येतोय आणि ही बाई बटण दाबते! आणि घर उडत नाही! घरोघरी बायका बघतायत हे. उद्या खरोखर कोणी असं केलं तर? वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, दारं-खिडक्या उघडायच्या. सांग बेटा, काय करायचं?"

"दारं-खिडक्या उघडायच्या," मी म्हणाले.

"बटण?"

"हात लावायचा नाही."

"शाब्बास." आणि आमच्या सोफ्यावर बसलेल्या माझ्या आईकडे वळून, "ताई, तुम्ही?"

आईनंही शाळेतल्या मुलीसारखं उत्तर दिलं. माझी आई कराडजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली होती आणि तीही रोज साडेसातची तीच मालिका लावायची. काका तिला ताई म्हणायचे, ती त्यांना चौधरीभाऊ. दोघांचं बोलणं एवढंच, जिन्यात भेटले तर.

दुसऱ्या दिवशी काकांनी जयेशला बोलावून केबल काढून टाकायला लावली. जयेश सेट-टॉप बॉक्स काखेत घेऊन उतरला तेव्हा चक्रावलेला होता. मला म्हणाला, "ताई, लोकं पिक्चर दिसत नाय म्हनून केबल काढतात. नटीनं बटण दाबलं म्हनून आजवर कुनी नाय काढली."

मग पुण्याहून मुलगी आली. तिनं ब्रॉडबँड घेतलं, टीव्हीवर दोन-तीन ओटीटी ॲप टाकून दिली, काकांना शिकवलं आणि जाताना कानावर लावायचा एक मोठा हेडफोन देऊन गेली. काका नव्या प्लांटवर रुजू झाल्यासारखे खूश. जिन्यात भेटले की अहवाल द्यायचे. "लावल्या लावल्या टीव्ही विचारतो, कोण बघतंय? मी म्हटलं, मी एकटाच आहे बाबा, दुसरं कोण बघणार! पण शिस्त आहे. आणि बराच वेळ बघत बसलं ना, तर मध्येच थांबून विचारतो, अजून बघताय का? म्हणजे हेडकाउंट घेतो. केबलनं कधी विचारलं होतं का, माणूस जिवंत आहे का म्हणून?" आठवडाभरात ते कोरियन मालिकांपर्यंत पोहोचले. गोष्ट त्यांना कळत नव्हती, पण "तिकडे प्रत्येक जिन्याला कठडा आहे," एवढं त्यांना पुरत होतं.

आणि आमची भिंत गप्प झाली.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. विकासची वीजकेंद्रात शिफ्ट ड्युटी असते; त्याला संध्याकाळी झोप मिळायला लागली. पण त्याच सुमारास आईनं साडेसातची मालिका बघायची सोडली. टीव्ही लावायची, पाच मिनिटं बसायची, बंद करायची. विचारलं तर म्हणायची, "कंटाळा आला गं." गॅलरीत जाऊन नुसती बसायची. मला वाटलं, तिला गावाची आठवण येत असेल.

एकदा मी चहा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं हात पुढे केला तो कपाच्या पलीकडे. मग हलकेच मागे आणत बशी चाचपली. मी बघत राहिले. ती सहज विचारावं तसं म्हणाली, "चौधरीभाऊ गावाला गेलेत का गं?"

"नाही. का?"

"ओरडत नाहीत हल्ली."

"त्यांनी केबल काढली ना. तुला कशाला हवं त्यांचं ओरडणं?"

आईनं कप दोन्ही हातांनी धरला. "ते ओरडायचे त्यावरून कळायचं," ती म्हणाली. "कोण दाराआड उभी आहे, कोण जिन्यावरून पडली. नुसतं बोलणं असेल तर मला ऐकू येतं. पण मालिकेतल्या बायका बऱ्याच वेळा बोलतच नाहीत, नुसतं संगीत वाजतं. भाऊ सगळं सांगायचे. म्हणजे टीव्हीला सांगायचे, पण मला कळायचं."

"आई, तुला दिसत नाही?"

"दिसतं गं. समोरचं थोडं दिसतं. बाजूचं गेलंय." आणि लगेच, "तुला सुट्ट्या घ्याव्या लागल्या असत्या म्हणून बोलले नाही."

दुसऱ्याच दिवशी मी तिला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाले. उरलेली सांभाळायची. रोज थेंब घालायचे, कायमचे. येताना रिक्षात आई माझाच हात थोपटत होती.

जिन्यात काका भेटले. कोरियातलं काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मिटलं. मी सगळं सांगितलं. त्यांच्या ओरडण्याचंही. ते कठड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मग आपल्या घरात निघून गेले.

संध्याकाळी बेल वाजली. काकांच्या हातात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी होती. अर्ध्या तासात त्यांनी आमचा उंबरठा, बाथरूमची पायरी आणि गॅलरीची कड रंगवून टाकल्यासारखी केली. वाटेतलं स्टूल हलवलं, पायपुसणं जप्त केलं. "हे घसरतं. याला परमिट कोणी दिलं?" मग घरी जाऊन स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि ती आईच्या शेजारी टीव्हीसमोर मांडली.

"आमचं नेट बंद पडलंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "साडेसात वाजत आले ना? लावा."

त्या दिवसापासून काका रोज येऊ लागले. पहिल्या दिवशी ते फारच सांभाळून बोलत होते. आईच म्हणाली, "भाऊ, ओरडा हो. असं कानात बोललात तर कोणी मेलंय असं वाटतं." मग त्यांचा आवाज मोकळा झाला.

अडचण आली ती साड्यांची. आईला बाकी सगळं कळलं तरी साडी कळल्याशिवाय बाई दिसायची नाही.

"कुठली नेसलीय?"

"निळी."

"निळी म्हणजे कशी निळी?"

काका विचारात पडले. "हवेची पाईपलाईन असते ना प्लांटमध्ये, तशी."

"आणि सासू?"

"सासू जांभळी. ॲसिड लाईन."

"अहो भाऊ, घर आहे ते, कारखाना नाही!" आई इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. कितीतरी दिवसांनी मी तिला असं हसताना पाहत होते.

एकदा जयेश आमच्या केबलचं काही बघायला आला होता. मी त्याला म्हटलं, "काकांचं नेट कोणाला दाखवायचं रे? बंद आहे कधीचं." तो बुचकळ्यात पडला. "चौधरी काकांचं? आमच्याच दोस्ताचं हाय ते नेट. एक दिवस नाय बंद पडलं." मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

मग हळूहळू काकांची भाषा बदलायला लागली. एक दिवस म्हणाले, "आज मोरपंखी." आईनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी, "डाळिंबी, काठ हिरवे." पुढे पुढे तर चिंतामणी, गुलबक्षी, आमसुली. मला वाटलं, मुलीला फोन करून विचारत असावेत.

मावसबहिणीच्या लग्नासाठी साडी घ्यायला मी स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तेव्हा काका तिथे होते. बूट काढून, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेले, आणि समोर साड्यांचा ढीग. एकेका साडीवर बोट ठेवून विचारत होते, "आणि याला काय म्हणतात?" मला बघून ते ताडकन उठले. "मालकांनी आग विझवायचा सिलिंडर तपासायला बोलावलं होतं," असं काहीतरी पुटपुटले आणि बूट अर्धवट घालून बाहेर पडले.

दुकानदार साड्यांच्या घड्या घालत होता. "येतात अधूनमधून," तो म्हणाला. "घेत काही नाहीत. पण गर्दी नसताना येतात, मी बसू देतो. काकू होत्या तेव्हा इतक्या वर्षांत एकदा पायरी चढले नाहीत. बाहेर स्कूटरवर बसायचे आणि हॉर्न वाजवायचे. काकू म्हणायच्या, भाऊ, लवकर दाखवा, आमचा भोंगा झाला."

त्या संध्याकाळी काका येतील की नाही, अशी मला शंका होती. पण आले. खुर्चीवर बसले. माझ्याकडे बघितलं नाही. मालिकेत नायिकेला कसलासा अपघात झाला होता आणि ती हॉस्पिटलात निपचित पडली होती. कोणी बोलत नव्हतं, नुसतं संगीत चाललं होतं.

"काय नेसलीय?" आईनं विचारलं.

पडद्यावर नायिकेच्या अंगात हॉस्पिटलचा ढगळ झगा होता. काका त्याच्याकडे बघत होते.

"अबोली," ते म्हणाले. "काठ बारीक आहेत. जरीचे. पदरावर लहान लहान मोर."

मी स्वयंपाकघराच्या दारात थबकले.

"छान दिसत असेल," आई म्हणाली.

"दिसायची," काका म्हणाले.

आईनं टीव्हीकडचं तोंड हळूच त्यांच्याकडे वळवलं. मग मांडीवरचा रिमोट चाचपून तिनं आवाज बंद केला.

"सांगा, भाऊ," ती म्हणाली. "कधी घेतली होती?"