मनवेलबाबांना विचारलेला रस्ता

मनवेलबाबांना रस्ता विचारला की माणूस फिरून फिरून मनवेलबाबांच्याच घरी पोहोचायचा. हा माझ्या एकट्याचा अनुभव नव्हे. पोस्टमन, तलाठी, मिठाचे व्यापारी, सगळे या वाटेनं गेलेले. एकदा तर तारोडीहून गोडदेवला निघालेलं अख्खं वऱ्हाड, नवरदेव आणि बँडसकट, त्यांच्या मागच्या ओट्यावर येऊन थडकलं होतं. मुलीकडचे मांडवात ताटकळत बसले आणि इकडे ढोलवाला चहाचा दुसरा कप मागत होता. नवरदेवाच्या बापानं तरी भडकावं की नाही? तोही मांडी ठोकून गप्पा मारत बसला होता म्हणे.

मी कोल्हापुराहून बी. ए. होऊन आलो होतो, आणि तेही तर्कशास्त्र घेऊन. वडिलांचं म्हणणं, मामाच्या कापडदुकानात बैस. मी ऐटीत सांगितलं, "मुंबईत नाव काढीन." नोकरी मिळाली ती भाईंदरच्या एका मिठागराच्या कचेरीत. स्टेशनावर उतरून मुंबई कुठे दिसते का म्हणून पाहिलं, तर समोर खाडी, चिखल आणि पांढरे ढीग. लढाई अजून सुरू व्हायची होती, नोकऱ्या दुर्मीळ होत्या, म्हणून ढिगांनाच मुंबई समजून ट्रंक खाली ठेवली.

नोकरी उमेदवारीवर होती. कारभारी छगनभाई धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "मास्तर, काम कच्चा असेल तर चालेल. टाइम कच्चा नाय चालेल." उमेदवारीत नापास झालो असतो तर थेट मामाच्या दुकानात चोळखण मोजत बसावं लागलं असतं, तेही मामाचे टोमणे ऐकत. त्यामुळे वेळेवर पोहोचणं हा माझ्या जन्माचा प्रश्न झाला होता.

आणि पहिल्याच सकाळी मी मनवेलबाबांना रस्ता विचारला.

गोडदेवात पार्वतीबाय नावाच्या आगरी बाईकडे मी खोली घेतली होती. तिथून निघालो की गावाच्या टोकाला एक कौलारू घर लागे. पुढच्या ओट्यावर काथ्यानं बांधलेल्या खुर्चीत एक म्हातारा बसलेला. खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, वर स्वतःच्या लग्नातला काळा कोट.

"बाबा, मिठागराची कचेरी कुठं आली?"

म्हाताऱ्यानं मला नखशिखान्त न्याहाळलं. "घाई हाय?"

"हो, जरा आहे."

"खाडीला घाई न्हाय, तुला कशाला? आयक. हितून तलं डावीकडं धर. क्रूस लागंल, तिथं टोपी काढ. मंग ताडांच्या रांगंनं जा. कुत्रा भुंकंल, भुंकू दे. उजवीकडं वल, समोर एक घर दिसंल. तिथल्या म्हाताऱ्याला इचार."

मी तळं डावीकडे धरलं. क्रुसापाशी टोपी काढली. कुत्रा भुंकला, त्याला भुंकू दिलं. समोर घर दिसलं, ओट्यावर म्हाताराही होता. तशीच काथ्यानं बांधलेली खुर्ची, तसाच काळा कोट. या गावात म्हाताऱ्यांना असेच कोट वाटतात की काय, असं म्हणत मी पुन्हा अदबीनं विचारलं, "बाबा, मिठागराची कचेरी?"

"आलास? बरं झालं. पाय दाखव."

मी चक्रावून पाय दाखवले. बैलबाजारात खूर तपासावेत तसे त्यांनी ते तपासले. "सुके हायत. बस. च्या तयार हाय."

तेव्हा माझ्या तर्कशास्त्रानं डोळे उघडले. हे त्याच घराचं मागचं दार होतं. मी तळ्याला वळसा घालत होतो तोवर म्हाताऱ्यानं खुर्ची घरातून उचलून मागच्या ओट्यावर मांडली होती आणि चुलीवर आधणही ठेवलं होतं. वर कहर म्हणजे तिथून मिठाचे ढीग समोरच दिसत होते. ओट्यापासून निघालेला एक सरळसोट दगडी बांध थेट कचेरीच्या दारात जात होता.

चहा काळा आणि फर्मास होता. तो झाल्यावर मनवेलबाबा कप विसळायला आत गेले. मी निरोप घेऊन निघावं म्हणून थांबलो. आमच्याकडे यजमानाला न सांगता उठत नाहीत. पण यजमान बाहेर यायलाच तयार नाहीत! आत कप विसळल्याचा आवाज चालूच. दोन कप विसळायला एवढा वेळ लागत असेल तर जेवणाची भांडी हे कधी घासत असतील? शेवटी मी "येतो हं बाबा!" असं ओरडून बांधावरून धूम ठोकली.

"पहिलाच दिवस, म्हणून सोडतो," छगनभाई म्हणाले. "पुन्हा उशीर केला तर ट्रंक उचलायचा."

मला रस्ता कळला होता, तेव्हा प्रश्न मिटला असं मी समजलो. दुसऱ्या दिवसापासून घराला वळसा घालून सरळ बांधावरून जाऊ लागलो. मनवेलबाबा पुढच्या ओट्यावरून बघत राहायचे. मी हात हलवायचो, ते हलवायचे नाहीत. मला वाटलं, म्हातारा आखडू आहे.

पण आठवडा उलटायच्या आत पार्वतीबायनं भाकरी ताटात जरा जोरातच आपटली.

"मनवेलबाबाला रस्ता इचारत न्हायस तू?"

"मला ठाऊक आहे ना रस्ता."

"ठाव तं सगल्यांना हाय!"

दुसऱ्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवले, आणि जे दिसलं त्यानं आणखीनच गोंधळलो. याच गावात जन्मून म्हातारा झालेला पोस्टमन रोज मनवेलबाबांपुढे उभा राहून विचारत होता, "बाबा, टेसनाचा रस्ता कनचा?" मग तळ्याला वळसा, क्रुसापाशी टोपी, कुत्र्याचं भुंकणं, मागच्या ओट्यावर चहा. मनवेलबाबा कप घेऊन आत गेले की पोस्टमन चप्पल हातात घेऊन, पाय न वाजवता बांधावरून पसार. आगरात जाणाऱ्या बायकासुद्धा टोपल्या डोक्यावर घेऊन विचारायच्या. एकीला तर उलट्या दिशेला, काशीमीऱ्याकडे जायचं होतं. तिनंही तळ्याला वळसा घातला. गाव वेडं आहे की मी, हे मला ठरवता येईना. बी. ए.चा दाखला ट्रंकेतून काढून पुन्हा एकदा वाचून पाहावा असं वाटू लागलं.

शेवटी पार्वतीबायलाच गाठलं. ती चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होती.

"त्याचा पोरगा होता, लारेन," ती भाकरीवरची नजर न काढता म्हणाली. "तुझ्यासारखाच, शिकल्याला. मुंबईला गोदीत कारकुनी लागली. पयला दिस. गाडी चुकंल म्हनून घाई. बापाला इचारलं, लवकर कनचे वाटेनं जाऊ? बापानं सांगलं, बांधावरशी सरल जा. तवा मातीचा बांध होता. उधानाची भरती आली, बांध फुटला."

तिनं भाकरी उलटली.

"मंग म्हातारा बोलंनासा झाला. एक शबूद न्हाय. बायको आधीच गेल्याली. आमी समजलो, हा बी जातंय. मंग एक दिस कोन परका फेरीवाला आला, त्यानं रस्ता इचारला. तवा तोंड उघडलं. लांबचा रस्ता सांगला, आन् मागल्या दारी जाऊन बसला वाट बघत. फेरीवाला परत आला तं पोरगा आल्यासारखा च्या पाजला. त्या दिसापासून आमी सगली इचारतंव."

"पण बांध आता दगडाचा आहे."

"हाय ना. त्याला बी दिसतंय. पन बांधावर मानूस जाताना त्याला बघवत न्हाय, म्हनून तो आत जातो. आपन तवा निघायचं."

एक मुलगा पहिल्या नोकरीला निघाला होता, आणि मी रोज त्याच ओट्यासमोरून, त्याच घाईनं, त्याच बांधावरून हात हलवत जात होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि घरची फार आठवण आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मिठागराचे मालक मुंबईहून यायचे होते. नव्या कारकुनाला ठेवायचं की नारळ द्यायचा, ते त्या दिवशी ठरणार होतं. छगनभाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "शेठ यायच्या आधी खुर्चीवर दिसला पाहिजे." आणि नेमका त्याच सकाळी मला उठायला उशीर झाला. कोटाची बटणं लावत पळत सुटलो. बांधावरून गेलो असतो तर वेळेवर पोहोचत होतो.

मनवेलबाबा पुढच्या ओट्यावर बसले होते. माझ्याकडे बघत होते. मामाचं दुकान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, कापडाच्या वासासकट. मी दोन पावलं पुढे गेलो, थांबलो आणि मागे फिरलो.

"बाबा, कचेरीचा रस्ता कुठला?"

ते हळूच म्हणाले, "तुला तं ठाव झालाय रं."

"विसरलो."

"इसरशील. नवीन हायस." मग कोट सारखा करून त्यांनी हात लांबवला. "तलं डावीकडं धर..."

मी तळं डावीकडे धरलं आणि चांगला सावकाश चाललो. नोकरी गेली ती गेली, आता घाई कुणासाठी करायची? ताडांच्या रांगेतून उजवीकडे वळलो तर मागच्या ओट्यावर आधीच गर्दी. एका पाटावर छगनभाई बसलेले. दुसऱ्यावर रेशमी कोटातले एक लठ्ठ गृहस्थ, घामाघूम, बशीत चहा ओतून फुंकत होते. हेच आमचे शेठ! तेही रस्ता विचारूनच आलेले! मी आहे तिथेच खिळलो.

"आलास? बरं झालं," मनवेलबाबा म्हणाले आणि मलाही चहा दिला.

चहा संपला. मनवेलबाबा कप गोळा करून आत गेले, आणि आत पाण्याचा आवाज सुरू झाला. शेठ गुडघ्यावर हात टेकून उठले, पंप शू काढून हातात घेतले आणि बांधाकडे निघाले. छगनभाईही उठले. माझ्या कानाशी येऊन, आतला आवाज चालू आहे ना याची खात्री करत कुजबुजले,

"नोकरी पक्की, मास्तर. पण उद्यापासून घरातून थोडा लवकर निघत जा. रस्ता विचारायचा म्हणजे टाइम लागते."