आत्या, एक्सल आणि चाळीसचा काटा

“या घरातल्या कुणाला तरी ही गाडी बिघडायलाच हवी आहे. मी नाव घेत नाही!”

रुचिरने हा आरोप अंगणात उताणं पडून, अँबेसेडरच्या पोटाकडे बघत केला. घरातल्या सगळ्यांना तो आपापल्या जागी बसून नीट ऐकू आला. पप्पांनी पेपरचं पान उलटलं. धाकट्या भार्गवीने खिडकीतून विचारलं, “दादा, चहा खालीच सरकवू का?”

रुचिर नुकताच इंजिनिअर झाला होता. (कॉम्प्युटरचा. पण ही आठवण करून दिलेली त्याला आवडत नसे.) माणसं जुन्या वस्तू फेकतात म्हणूनच जगाचं वाटोळं होतंय, असं त्याचं ठाम मत होतं, आणि जग वाचवायची सुरुवात आजोबांच्या अँबेसेडरपासून करायची असं त्याने ठरवलं होतं. अडचण एवढीच की पप्पांनी गाडी उज्जैनच्या इंदूर रोडवरच्या एका रिसॉर्टवाल्याला देऊन टाकायचं कबूल केलं होतं. तो तिची चाकं काढून तिला चौथऱ्यावर बसवणार होता, बॉनेटमध्ये झेंडू लावणार होता, आणि पाहुणे तिला टेकून सेल्फी काढणार होते.

“झेंडू!” रुचिर आठवडाभर घरात ओरडत फिरला. “इंजिनाच्या जागी झेंडू!”

पण कागदावर पप्पांबरोबर जयूआत्याचीही सही लागत होती. शेवटी गाडी तिच्याही वडिलांची. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आत्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला : “रविवारी मला भैरवगढला कालभैरवाच्या दर्शनाला न्यायचं आणि परत आणायचं. वाटेत तमाशा झाला नाही तर मी सही करत नाही. झाला, तर पेन माझ्या पर्समध्येच असतं.”

म्हणून शनिवारी सकाळी रुचिर आत्याला मागच्या सीटवर बसवून देवास रोडवर सरावाला गेला. गाडी छान पळाली. काटा चाळीसच्या पुढे गेला आणि मागून आवाज आला : हूंऽऽऽ.

रुचिरने ॲक्सिलरेटर सोडला. आवाज बंद. दाबला. हूंऽऽऽ. सोडला. बंद.

दुसरा कुणी घाबरला असता. रुचिर आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. गेला महिनाभर त्याने व्हिडिओत जे जे पाहिलं होतं ते सगळं त्याच्या पाठीमागे घडत होतं!

“मागचा एक्सल!” घरी येताच त्याने जाहीर केलं. “दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, डिफरेन्शियल, त्यातलं बेअरिंग! जोर लावला की रडतं, सोडला की गप्प. एकदम पुस्तकी लक्षण!”

“म्हणजे गाडी गेली?” पप्पांनी आशेने विचारलं.

“म्हणजे रोग सापडला!”

त्याने गाडी जॅकवर चढवली, चाकं फिरवली, गोळ्याला कान लावला. काही नाही. एकटाच देवास रोडला जाऊन आला. साठपर्यंत नेली. काही नाही. आणि मग अंगणात उताणं पडल्या पडल्या त्याला साक्षात्कार झाला.

“लोड! आवाज फक्त वजनावर येतोय!”

वर्षाच्या गव्हाची दोन पोती मागच्या सीटवर चढली. भार्गवीच्या मते ती आत्यापेक्षा जास्त शांत बसली. पण आवाज नाही.

रुचिर तडक दोन घरं सोडून राहणाऱ्या आत्याकडे गेला. “आत्या, पोत्यांनी होत नाहीये. तुलाच यावं लागेल.”

“मी काय गव्हाचं पोतं आहे?”

“नाही गं, तू दोन पोत्यांपेक्षा...” एवढं बोलून तो सुदैवाने थांबला.

आत्या बसली. काटा चाळीसवर गेला. हूंऽऽऽ!

“ऐकलंस?” रुचिरने विजयी मुद्रेने विचारलं. आवाज थांबला.

“काय?” आत्या म्हणाली.

रस्त्याच्या कडेला कान देऊन उभ्या केलेल्या भार्गवीने मात्र सांगितलं, “दादा, बाहेर काहीच ऐकू येत नाही.”

“इअरफोन घालून घालून तुझे कान गेलेत,” रुचिर म्हणाला. संध्याकाळी त्याने डिफरेन्शियलमध्ये ताजं गिअर ऑइल भरलं, आणि वाटेत लागलेच तर म्हणून जॅक आणि पाने तसेच डिक्कीत टाकले.

रविवारी निघताना पप्पांनी डिक्कीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि घाईघाईने डिक्की बंद केली. रुचिरचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचं सगळं लक्ष काट्याकडे होतं. तो पस्तीसच्या वर जाऊच देत नव्हता. मागच्या ई-रिक्षावाल्याने ओरडून विचारलं, “भैया, धक्का लगाऊँ क्या?”

हे मात्र त्याला सोसलं नाही. रस्ता मोकळा दिसताच त्याने पाय दाबला. चाळीस. पंचेचाळीस.

हूंऽऽऽऽ!

“अगं बाई, खरंच येतोय की!” शेजारी बसलेली भार्गवी दचकली.

रुचिरने घाबरून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. गाडी थांबली. चाकं थांबली. एक्सल थांबला.

हूंऽऽऽऽ.

दोघांनी हळूच मागे वळून पाहिलं. आत्या डोळे गच्च मिटून, पर्स छातीशी धरून, बंद ओठांनी भैरवाचं स्तोत्र म्हणत होती.

“आत्या!”

आत्याने डोळे उघडले. “पोचलो?”

“तू... कालपासून तू?”

“मग? चाळीसच्या वर गेलास की मी सुरू करते. खाली आलास की थांबते. आज मात्र भीतीने डोळेच मिटले, गाडी थांबलेली कळलीच नाही. देवाला उगाच किती त्रास द्यायचा?”

रुचिरने रस्त्यावर उतरून अँबेसेडरच्या मागच्या काचेचा मुका घेतला. एक्सल निर्दोष होता! गाडी वाचली होती! उरलेला रस्ता त्याने गात पार केला. भैरवगढच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर मागे ‘खट्ट’ झालं, पण तोंडाने चालू असलेल्या सनईत त्याला ते ऐकू आलं नाही.

देवळाबाहेर गाडी लावली. हारफुलांच्या टोपल्या विकणारी बाई पुढे आली आणि थबकून खाली बघायला लागली. भार्गवीनेही बघितलं.

“दादा, मागून काहीतरी गळतंय.”

थेंब बरोबर एक्सलवर पडत होता आणि तिथून जमिनीवर. आत्याने पर्सची चेन उघडली. आतलं पेन दिसलं.

“सील! फक्त सील गेलंय! एका मिनिटात सांगतो!” रुचिर धुतलेल्या पांढऱ्या कुर्त्यासकट गाडीखाली सरपटला. एक थेंब कपाळावर पडला, एक मिशीवर, बरेचसे गळ्यात. त्याने हुंगलं. मग शास्त्रीय वृत्तीने जिभेवर घेतलं.

“आत्या,” खालून खोल आवाज आला, “गिअर ऑइल असं घसा जाळत नाही.”

“डिक्की उघड,” आत्या म्हणाली.

डिक्कीत वर्तमानपत्राचा लगदा झाला होता. त्यात कालभैरवाला नैवेद्य म्हणून चढवायची दारूची बाटली आडवी पडली होती आणि तिच्या चेपलेल्या बुचावर रुचिरचा जॅक आरामात विसावला होता. डिक्कीच्या बुडाला पडलेल्या भोकातून उरलेला मार्ग तिचा तिने शोधला होता. उज्जैनमधली दुकानं बंद झाल्यापासून ही बाटली बाहेरगावाहून मागवायला लागली होती, आणि ती मागवताना पप्पांनी आवाज इतका खाली आणला होता की समोरच्याला तीनदा विचारावं लागलं होतं.

“नवस होता माझा,” आत्या म्हणाली. “गाडी झेंडूवाल्याकडे जाऊ नये म्हणून.”

“म्हणजे तू सही करणारच नव्हतीस?”

“तुझ्या पप्पांना काहीतरी अट सांगायला नको?”

“पण आता तमाशा झाला ना!” रुचिर रडवेला झाला. कपाळावरचा थेंब नाकावर आला.

“झाला. पण गाडीने नाही केला, तू केलास. आणि तुला देऊन टाकायचा कागद अजून कुणी आणलेला नाही.” आत्याने पर्सची चेन ओढून घेतली. “गाडी राहतेय.”

रुचिर आनंदाने उडी मारायला गेला, पण कुर्ता डिक्कीच्या कडीत अडकला आणि तो झोकांडी खाऊन थेट टोपलीवाल्या बाईसमोर गेला. तिने पदर नाकाला लावला. त्याच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं, भिजलेल्या कुर्त्याकडे पाहिलं, मग डिक्कीतली बाटली उचलून उजेडात धरली. तळाशी थोडी शिल्लक होती.

“माताजी, इतनी बची है, बाबा इतने में भी मान जाएँगे,” तिने बाटली टोपलीत फुलांच्या शेजारी नीट ठेवली. “और भैया, आप चाबी दीदी को दे दो।”